सातबारा : एक अखंड सहलेखन

गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून त्या कागदाला सातबारा म्हणतात. वरच्या भागात जमीन कोणाची ते असते, खालच्या भागात तिच्यात काय पेरले ते. मधल्या नमुन्यांपैकी आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा गोषवारा, बँकेच्या कृपेने शेतकऱ्याला पाठ असतो. नऊ, दहा आणि अकरा हे पटवाऱ्याचे खासगी दुःख आहे. मुख्य नमुने एकूण २१. तेराव्यात गावची माणसे आणि जनावरे आहेत, दोघांना एकच वही पुरते. विसाव्यात पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब आहे. गावाबद्दल सरकारला जे जे माहीत असावेसे वाटले त्या सगळ्याला वही मिळाली, आणि ते वर कळवायला किती तिकिटे लागली त्याचीही एक वही झाली.

हा सगळा पसारा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यावर उभा आहे. संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि नोंदी कशा ठेवायच्या याचे नियम १९७१ मध्ये आले. लिहिणारा हात पटवाऱ्याचा असला तरी मजकूर पुरवणारे गावभर आणि गावाबाहेरही पसरलेले असतात. दुय्यम निबंधक खरेदीखत कळवतो, बँक कर्ज कळवते, न्यायालय हुकूमनामा पाठवते, भूमी अभिलेख खाते क्षेत्र सांगते, आणि मरणारा शेतकरी काहीही न कळवता सर्वांत मोठा बदल घडवून जातो. इतक्या लेखकांनी मिळून लिहिलेला, इतकी वर्षे चालू असलेला आणि इतका वाचला जाणारा दुसरा मजकूर मराठीत नाही. समीक्षा मात्र फक्त दिवाणी न्यायालयात होते.

यवतमाळ जिल्ह्यात या मजकुराला स्वतःची बोली आहे. सरकारी आदेशांत ‘तलाठी’ असला तरी इथल्या सोळाही तालुक्यांत तो पटवारी असतो. २०२४ मध्ये शासनाने तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. नेर किंवा घाटंजीच्या पारावर हा फेरफार अद्याप मंजूर झालेला नाही. गाव इथे ‘मौजा’ असते, क्षेत्र ‘आराजी’ असते, शेत ‘वावर’ असते आणि बांधाला ‘धुरा’ म्हणतात. पिकांची नोंद मागायची तर ‘पेरेपत्रक’ मागावे लागते. जुन्या कागदांत ‘वल्द’, ‘जौजे’ आणि ‘बेवा’ भेटतात, म्हणजे मुलगा, बायको आणि विधवा. राजवटी येत-जात राहिल्या आणि प्रत्येकीने दप्तरात दोन-चार शब्द सोडले. ‘ऐन-ए-अकबरी’त इथले कळंब हे एका ‘सरकार’चे, म्हणजे मोगली जिल्ह्याचे, मुख्य ठाणे म्हणून येते आणि खुद्द यवतमाळ ‘योत-लोहारा’ या परगण्याच्या नावात अर्धवट दिसते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०५ पर्यंत जिल्ह्याचे नाव वणी होते. मग वाशीमकडचा पुसद तालुका जोडला गेला आणि नाव यवतमाळ झाले. १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. वावर मात्र एवढ्या काळात एक इंचही हलले नाही, निदान धुऱ्याच्या एका बाजूचे म्हणणे तसे आहे.

नोंद एकदा झाली की ती सहजी जात नाही, याचा उत्तम नमुना म्हणजे रीठ. रीठ म्हणजे उजाड गाव. साथ, दुष्काळ, विहिरीचे आटलेले पाणी अशा एखाद्या कारणाने माणसे केव्हाच निघून गेली, पण मौजा दप्तरात राहिली. तिला नाव आहे, हद्द आहे, नकाशा आहे, सर्व्हे नंबर आहेत. नाहीत फक्त रहिवासी, आणि कारभाराच्या दृष्टीने ही उणीव न मानता सोय मानायला हवी, कारण अशा गावात वाद घालायला पारावर कोणी बसलेले नसते. उलटाही प्रकार घडतो. धरण झाले की गाव पाण्याखाली जाते आणि त्याच नावाला ‘पुनर्वसन’ जोडून ते दुसऱ्या माळावर उभे राहते. बेंबळा प्रकल्पाच्या बाजूला फिरणाऱ्याला असे एकाच नावाचे दोन पत्ते मिळतात : एकावर पाटी असते, दुसऱ्यावर मासे.

सातबाऱ्यात बदल करण्याच्या रीतीला फेरफार म्हणतात आणि या विषयाचा गाभा तोच आहे. थेट सातबाऱ्यावर कोणीही काही लिहायचे नसते. जमिनीवर ज्याला हक्क मिळाला त्याने तो तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याला कळवावा, असे संहितेचे १४९ वे कलम सांगते. (दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताची खबर आता संगणकातूनच परस्पर येते.) पटवारी ती हकीकत गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत क्रमांक घालून लिहितो. हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, एक प्रत चावडीवर लागते, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस सोडले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो आणि मगच तिचा परिणाम सातबाऱ्यावर उतरतो. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. तिथला निकाल शक्यतो वर्षभरात लागावा अशी अपेक्षा आहे. ‘शक्यतो’ या शब्दावर कित्येक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या वाढल्या आहेत.

संगणकाच्या जगात हजारो माणसांनी एकाच मजकुरावर काम करावे आणि कोणी काय बदलले याचा माग राहावा, म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ नावाची प्रणाली तयार केली. जुने पुसायचे नाही, प्रत्येक बदलाला ओळखक्रमांक द्यायचा, आणि बदल मुख्य प्रतीत मिसळण्याआधी तो दुसऱ्या कोणीतरी पाहायचा, ही तिच्यावर काम करणाऱ्यांची रीत. दारव्ह्याच्या पटवाऱ्याला यातले काहीच नवे वाटले नसते. त्याने एवढेच विचारले असते की नोटिशीचे पंधरा दिवस कुठे धरले आहेत, आणि मयताचे वारस कोण.

चावडीवरची नोटीस कोणी वाचत नाही. चावडी असली तर तिला कुलूप असते आणि कुलूप नसले तर आत बकऱ्या असतात. तरीही अख्ख्या गावाला फेरफाराची बातमी त्याच दिवशी संध्याकाळी ठाऊक असते, कारण ती पानठेल्यावर पोचलेली असते. शासनाने ‘आपली चावडी’ या नावाने ही नोटीस इंटरनेटवरही उपलब्ध केली आहे. पण पानठेल्यावर नोटिशीबरोबर तिचा अर्थ, मागचे भांडण, विकणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याकडे पैसा कुठून आला याचा तपशील मिळतो, ही सोय अजून कोणत्याही संकेतस्थळाला जमलेली नाही. ‘हितसंबंध’ या शब्दाचा गावातला अर्थही कायद्यापेक्षा उदार आहे. ज्याचे त्या गटात, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्यात, काहीच नाही तोच बहुधा सर्वांत अभ्यासपूर्ण हरकत सुचवतो. सही मात्र दुसऱ्याला करायला लावतो.

प्रमाणित नोंदीनंतरही जुने नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात. जमीन विकणारा, हक्क सोडणारा, वारल्यामुळे कमी झालेला, असे सगळे कंसात जातात आणि तिथे वाचता येतील असे राहतात. शेजारी ज्या फेरफाराने हे घडले त्याचा क्रमांक असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंसातली माणसे कंसाबाहेरच्यांपेक्षा अनेकदा जास्त असतात. संगणकाच्या प्रतीत ‘जुने फेरफार क्रमांक’ असा एक वेगळा रकानाच आहे. त्यातले आकडे उलट्या क्रमाने धरून मागे गेले तर एका चार एकराच्या तुकड्यातून घराण्याचा सगळा इतिहास निघतो : वाटणी, गहाण, सोडवणूक, पुन्हा वाटणी, विहीर, मुलीचे लग्न आणि त्यानंतर लगेच झालेली विक्री. लग्नाची नोंद सातबाऱ्यात नसते, पण तारखा जुळतात.

‘इतर हक्क’ हा रकाना या दस्तऐवजातला सर्वांत वाचनीय भाग आहे. नावावरून तो उरल्यासुरल्या गोष्टींसाठी असावा असे वाटते, आणि खऱ्या अडचणी उरल्यासुरल्यांतच असतात. विहिरीतला चार आणे हिस्सा इथे असतो. पलीकडच्या वावराला जाण्याची वहिवाट इथे असते. वणी भागात कोळसा खाणीसाठी झालेले संपादन सातबाऱ्यावर कुठेतरी आपली जागा शोधतेच. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतो तो बोजा. बोजा चढवायला कर्जाचा कागद पुरतो. उतरवायला कर्ज फिटल्याचा दाखला, अर्ज, फेरफार, नोटीस असा पूर्ण संस्कार लागतो. म्हणून फेडलेले कर्जही कागदावर रेंगाळते आणि शेतकरी नवे कर्ज मागायला गेला की आतून हात वर करते. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकार शेतकऱ्याला विहिरीसाठी, बैलासाठी, बियाण्यासाठी तगाई, म्हणजे कर्ज, देत असे. बैल मेले, विहिरी खचल्या, देणारे सरकार विलायतेला परत गेले, पण तगाईचा शेरा काही सातबाऱ्यांवर जागचा हलला नाही.

बहिणींचा विषय याच अंगाने येतो. बाप वारल्यावर वारस म्हणून बहिणींची नावे लागतात, आणि नंतरच्या एखाद्या दिवाळीत भाऊ अचानक फार अगत्याने बोलावणे पाठवतो. साडी चांगली असते. जेवणानंतर हक्कसोड पत्राचा विषय निघतो. मुलीचा वाटा कायद्याने मुलाइतकाच असल्यामुळे साडीचा भाव अलीकडे वाढला आहे, असे जाणकार सांगतात.

शेऱ्यांमध्ये ‘अपाक’ आणि ‘एकुमॅ’ ही दोन नमुनेदार लघुरूपे आहेत. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता : खातेदार लहान आहे, त्याच्या वतीने अमुक मोठी व्यक्ती पाहते. खातेदार अठराचा झाल्यावर शेरा कमी करायचा असतो. त्यासाठी खातेदाराने अर्ज करायचा असतो, आणि आपण अज्ञान आहोत हे त्याला बहुधा ठाऊकच नसते. त्यामुळे दात पडलेला, नातवंडांना शाळेत सोडायला जाणारा गृहस्थ दप्तरी अजून अज्ञान असू शकतो आणि त्याचा पालनकर्ता चाळीस वर्षांपूर्वी वारलेला असू शकतो. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागते, मागे सगळे कुटुंब असते. कुटुंब फुटते, चुली चार होतात, मॅनेजर मात्र एकच राहतो, आणि त्याच्या मुलांना पुढे असे वाटू लागते की शेरा काहीतरी छपाईचा दोष असावा.

मेलेल्यांचा प्रश्न याहून मोठा. खातेदार वारला तर वारसांनी तीन महिन्यांत कळवावे हा नियम आहे. व्यवहारात वारसांना आठवण होते ती कर्ज घेताना, विक्री करताना किंवा अतिवृष्टीचे अनुदान मयताच्या नावाने आले तेव्हा. तोवर आजोबा सातबाऱ्यावर शेती करत राहतात. संहितेचे १५७ वे कलम सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी. तेव्हा आजोबांची बाजू कागदोपत्री भक्कम असते आणि विरुद्ध सिद्ध करण्याचे ओझे स्मशानापर्यंत खांदा दिलेल्यांवर पडते. शेवटी शासनाने २०२५ मध्ये, बुलढाणा जिल्ह्यात प्रयोग करून, एक एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. मयतांची नावे कमी करून वारसांची लावायची, पुढच्या टप्प्यात अपाक, एकुमॅ, तगाई असे कालबाह्य शेरे काढायचे. मोहिमेचे नाव अचूक आहे. परिणाम असा की एका मयताच्या जागी सहा-सात जिवंत नावे येतात, आणि ज्या व्यवहाराला पूर्वी एका मृत माणसाची सही मिळत नव्हती त्याला आता सात जिवंतांच्या सह्या मिळत नाहीत.

इथवर एकाच दप्तराची गोष्ट झाली. दुसरे दप्तर भूमी अभिलेख खात्याकडे असते. पटवाऱ्याकडे हक्क, भूमी अभिलेखाकडे मोजमाप, अशी वाटणी आहे. तिकडे आकारबंद, टिपण, नकाशा, फाळणी. दोन्हीकडचे क्षेत्र एकच असायला हवे, आणि बऱ्याच गटांत ते असतेही. जिथे नसते तिथे सातबारा एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये आणताना काय झाले, पोटहिस्सा करताना बेरीज कोणी केली, असे प्रश्न निघतात. उत्तर देणारा केव्हाच निवृत्त झालेला असतो. अशा वेळी मोजणी मागतात. मोजणी वर्षानुवर्षे साधी, तातडीची आणि अतितातडीची अशी मिळत असे. फी त्या क्रमाने वाढत जाई आणि शेतकऱ्याची घाईही. मोजणीवाला येतो तेव्हा धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक जमतात. हद्दीचा दगड सापडला तर तो हलवलेला असल्याचे एक बाजू सांगते. सापडला नाही तर दोन्ही बाजू सांगतात. मग मोजणीच्या नकाशाची क-प्रत मिळते, ती दोघेही लॅमिनेट करून ठेवतात आणि नांगर पूर्वीसारखाच चालतो.

संगणकीकरणाने हे सारे बदलले, म्हणजे कपाटातून पडद्यावर आले. लाल कपड्यात बांधलेले बस्ते उघडून हस्तलिखित सातबारे टंकित झाले. टंकणाऱ्याला दारव्ह्यातले आडनाव आणि पुसदच्या पटवाऱ्याचे अक्षर दोन्ही सारखेच अपरिचित. संगणकाला पहिले नाव, मधले नाव, आडनाव अशा तीन खणांत माणूस हवा होता. ‘वल्द’ कोणत्या खणात घालायचा आणि ज्या कोलाम कुटुंबाने आडनाव कधी वापरलेच नाही त्याच्या तिसऱ्या खणाचे काय करायचे, हे त्याने विचारले नव्हते. चुका काढण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे सगळा मजकूर लेखकांना मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. उरलेल्या लेखनप्रमादांसाठी १५५ वे कलम आहेच. त्याखाली तहसीलदाराचा आदेश घेऊन दुरुस्ती होते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघू लागला. सर्व्हर दिवसा दमतो म्हणून काही पटवारी रात्री जागून नोंदी करत. भुताखेतांच्या नावांवर काम करायला ही वेळ तशी योग्यच. आधारवर ‘गुलाबराव’ आणि सातबाऱ्यावर ‘गुलाब’ असेल तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते, आणि ते करणारे गुलाबराव तहसीलच्या ओसरीत स्वतःची ओळख पटवायला दोन साक्षीदार शोधत असतात.

राहिला नमुना बारा. पूर्वी पीकपाहणी पटवारी करत असे. शिवार मोठे, गावे अनेक आणि ऊन यवतमाळचे, म्हणून ती पुष्कळदा कचेरीतल्या पंख्याखाली, मागच्या वर्षीच्या नोंदीवरून होई. मागच्या वर्षी कपाशी होती तर यंदाही कपाशीच असणार, हा अंदाज या जिल्ह्यात सहसा चुकत नसे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि लेखणी थेट शेतकऱ्याच्या हाती पडली. वावरात उभे राहून मोबाइलवर गट निवडायचा, पीक निवडायचे, फोटो काढायचा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांत तुरीची ओळ असते, तेव्हा मिश्र पीक म्हणून दोघांचे क्षेत्र वेगळे सांगायचे. ज्याने आयुष्यभर ‘सहा तासं पऱ्हाटी अन् एक तास तूर’ असे मोजले त्याने आता आर सांगायचे. जिथे पीक आहे तिथे रेंज नाही आणि जिथे रेंज आहे तिथे डांबरी रस्ता आहे, अशी झरी जामणीकडची स्थिती. मग गावातला कॉलेजात जाणारा पोरगा सगळ्यांचे मोबाइल पिशवीत घालून शिवार फिरतो आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचा अधिकृत लेखक होतो. चूक झाली तर शेतकऱ्याला ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते; पटवारी दहा टक्के नोंदी तपासतो.

या ॲपमध्ये बांधावरची झाडेही नोंदवता येतात. धुऱ्यावरचा आंबा दोन्ही शेजारी आपलाच मानतात, दोघेही आपापल्या बाजूने त्याचा फोटो काढतात, आणि दोन्ही फोटो खरे असतात. एका आंब्याचे असे दोन आंबे होतात. तपासणीच्या दहा टक्क्यांत तो गट आलाच तर पटवाऱ्याला एक आंबा कमी करावा लागतो. कोणाच्या सातबाऱ्यावरचा, हे ठरवायला मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखाकडे जातो, बहुधा सर्वांत घाईचा.